हात न मळवता घेतलेला सूड

सुपरहिरोंच्या सिनेमांमध्ये खलनायक मरतो खरा, पण त्याला मारणारा बहुधा सापडत नाही. २००२च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये नॉर्मन ऑसबॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची, विनवणी करत राहतो आणि त्याच वेळी पीटरच्या पाठीमागून स्वतःचं उडतं यान त्याच्यावर सोडतो. पीटर ऐन वेळी उडी मारतो, यानाची पाती नॉर्मनच्याच अंगात घुसतात. २००८च्या ‘द डार्क नाइट’मध्ये सूडाने पेटलेला सरकारी वकील हार्वी डेंट पोलीस अधिकारी गॉर्डनच्या मुलाला ओलीस धरून उभा असतो. बॅटमॅन झेप घेतो, पोरगं वाचतं, डेंट खाली पडून मरतो. कधी उंची कामाला येते, कधी पाणी, कधी स्फोट. प्रेक्षकाला हवा तो शेवट मिळतो आणि नायकाच्या हाताला रक्त लागत नाही.

या सिनेमांवर टीका करणारे म्हणतात की ते सूडाचं उदात्तीकरण करतात. बाजू घेणारे म्हणतात की नायक शेवटी हात आवरतो, म्हणजे ते क्षमा शिकवतात. मला दोघांचंही पटत नाही. हे सिनेमे सूडही धड घेत नाहीत आणि क्षमाही धड करत नाहीत. सूडाचं समाधान चाखायचं आणि वर क्षमेचं श्रेयही पदरात पाडून घ्यायचं, असा त्यांचा व्यवहार असतो. क्षमा खरी की खोटी हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: ज्याला सोडलं तो पुढच्या दृश्यात जिवंत असतो का, आणि त्याच्या जिवंत असण्याचा त्रास कुणाला सोसावा लागतो का?

या कसोटीवर सगळ्यात लबाड ठरतो तो क्रिस्टोफर नोलनचा २००५चा ‘बॅटमॅन बिगिन्स’. सिनेमा मला आवडतो, म्हणूनच त्यातली चलाखी जास्त खुपते. सुरुवातीला तरुण ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, बाहीत पिस्तूल लपवून न्यायालयात जातो. आईवडिलांचा खुनी साक्ष देण्याच्या मोबदल्यात सुटणार असतो. ब्रूस पुढे सरकतो, पण त्याच्या आधी गुंडांनी पाठवलेली एक बाई गोळी झाडून मोकळी होते. पुढे गाडीत बालमैत्रीण रेचल त्याला न्याय आणि सूड यांतला फरक ऐकवते, वर दोन थोबाडीतही देते. त्यानंतरचा सगळा सिनेमा म्हणजे त्या थोबाडीत पचवण्याची गोष्ट. ब्रूस एका बांधून ठेवलेल्या गुन्हेगाराचं डोकं उडवायला नकार देतो. कड्यावरून घसरत चाललेल्या आपल्या गुरूचा जीव वाचवतो. आणि शेवटी तोच गुरू, रास अल गुल, सुसाट रेल्वेत समोर असताना ब्रूस त्याला सांगतो की मी तुला मारणार नाही, पण तुला वाचवायला मी बांधील नाही. एवढं बोलून तो उडून जातो आणि गाडी कोसळते.

वाक्य ऐकायला चटकदार आहे. पण त्या रेल्वेचा मार्ग गॉर्डनने उडवून दिलेला असतो, तोही बॅटमॅननेच दिलेल्या गाडीने आणि बॅटमॅननेच आखलेल्या बेतानुसार. पूल पाडायची व्यवस्था स्वतः करायची आणि मग ‘वाचवायला बांधील नाही’ म्हणायचं, याला कुठल्याही न्यायालयात काय म्हणतील? त्यापेक्षा टिम बर्टनचा १९८९चा बॅटमॅन परवडला. तो जोकरला तोंडावर सांगतो की मी तुला ठार मारणार आहे. हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकलेल्या जोकरच्या पायात तो दोर अडकवतो, दोराचं दुसरं टोक दगडी मूर्तीला असतं, आणि त्या ओझ्याने जोकर खाली जातो. त्यात सूड आहे, पण तो सूड म्हणूनच समोर येतो, उगाच सोवळं नेसत नाही.

ही सवय कुठून आली? मला वाटतं त्याची मुळं नीतीपेक्षा धंद्यात जास्त आहेत. मे १९३९मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला असले संकोच नव्हते. त्याच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो आणि असल्यांचा शेवट असाच व्हायला हवा, असं म्हणून बॅटमॅन मोकळा होतो. पुढच्याच वर्षी ‘बॅटमॅन’ नावाचा स्वतंत्र अंक निघाला. त्यात जोकर अवतरला आणि त्याच अंकात तो मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते बदलायला लावलं. असा खलनायक एका अंकात वाया घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. बॅटमॅनने माणसं मारू नयेत, हा दंडकही त्याच सुमाराचा. १९५४मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली: चांगल्याचा विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. मुलांच्या वाचनाची काळजी होतीच, पण दर महिन्याला नवा अंक काढायचा तर खलनायक जिवंत लागतो हेही होतं. तुरुंगातून पळता येतं, सरणावरून पळता येत नाही.

सिनेमाची गरज नेमकी उलटी. दोन-अडीच तासांत पडदा पडायचा असतो, खलनायकाच्या भूमिकेतला नामांकित नट पुढच्या भागात असेलच असं नाही, आणि प्रेक्षकाला ‘संपलं’ असं वाटायला हवं असतं. म्हणून कागदावर जगलेले खलनायक पडद्यावर मरू लागले. पण कागदावर रुजलेला न मारण्याचा बाणाही टाकवेना. दोन्ही सांभाळायचं तर खलनायकाने आपणहून मरायला हवं. गुरुत्वाकर्षण नावाचा मारेकरी असा कामाला लागला.

ज्यांना पश्चात्ताप होतो, त्यांचीही यातून सुटका नाही. २००४च्या दुसऱ्या ‘स्पायडर-मॅन’मधला ऑटो ऑक्टेव्हियस भानावर येतो, राक्षस म्हणून मरणार नाही असं म्हणतो आणि आपल्या यंत्रासकट नदीच्या तळाशी जातो. तिसऱ्या भागातला नॉर्मनचा मुलगा हॅरी वैर विसरून मित्राच्या मदतीला येतो आणि मरतो. २०२२च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये जादूगार वांडाला आपण काय करून बसलो ते उमगतं आणि ती स्वतःवरच डोंगर पाडून घेते. प्रत्येक मरणाला त्या-त्या कथेत कारण आहे, पण एका ओळीत ठेवली की काहीतरी खटकतं. पश्चात्ताप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, कुणाच्या नजरेला नजर देतो, याचं उत्तर पटकथेकडे नसतं. बलिदान दिलं की हिशेब चुकता, आणि माफ करायचं कुणाला हा प्रश्नही मिटला.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. न मारणं म्हणजे क्षमा नव्हे. ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमॅन जोकरला इमारतीवरून खाली टाकतो आणि मग दोर सोडून त्याला वर खेचतो. जोकर उलटा लटकत हसत राहतो. ते दृश्य मला फार प्रामाणिक वाटतं, कारण त्यात माफीचा लवलेश नाही. बॅटमॅन फक्त फाशी देणाऱ्याचं काम नाकारतो. रेचल त्या जोकरमुळे मेली आहे; तिच्या वतीने त्याला माफ करायचा अधिकार बॅटमॅनला कुणी दिलेला नाही आणि तो ते करतही नाही.

यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप जेसन टॉडचा आहे. २०१०च्या ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’ या ॲनिमेशनपटात तो येतो. जेसन हा बॅटमॅनचा दुसरा साथीदार, त्याने मुलासारखा वाढवलेला. जोकरने त्याला लोखंडी पहारीने मारमार मारून स्फोटात संपवलेलं असतं. तो परत येतो, जोकरच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि बॅटमॅनला विचारतो की हा अजून जिवंत कसा? सगळ्या गुन्हेगारांना मार असं माझं म्हणणं नाही, फक्त हा एक, कारण याने मला तुझ्यापासून हिरावून घेतलं. बॅटमॅन म्हणतो की एकदा त्या वाटेला लागलो तर मी परत येऊ शकणार नाही.

हे उत्तर मला लंगडं वाटतं. पोरगं स्वतःच्या मरणाबद्दल विचारतंय आणि बाप स्वतःच्या शुद्धतेबद्दल बोलतोय. पीडिताच्या दृष्टीने नायकाचा संयम हा कधीकधी निव्वळ आत्मप्रेमासारखा दिसतो, आणि जेसनचा राग त्यावरच आहे. बॅटमॅनजवळ याहून चांगलं उत्तर होतं: मी त्याला माफ केलेलं नाही, तुझ्या वतीने कधी करणारही नाही, पण कुणी जगायचं आणि कुणी मरायचं हे मुखवटा घातलेल्या एका माणसाने रात्री गच्चीवर ठरवायचं नसतं. जोकर पुन्हा पुन्हा सुटतो हा दोष त्या शहराच्या न्यायालयाचा आणि तुरुंगाच्या कुलपाचा. ती व्यवस्था नादुरुस्त आहे म्हणून एकाने गुपचूप निकाल लावावा, अशी मागणी पडद्याबाहेरही टाळ्यांच्या गजरात होत असते. पडद्यावर ती गोड लागते कारण खरा गुन्हेगार कोण हे आपल्याला आधीच माहीत असतं. बाहेर ते माहीत नसतं.

खरं तर पडद्यावरही दर वेळी माहीत नसतं. पहिल्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये बेनकाकाचा खुनी समजून पीटर ज्याचा पाठलाग करतो, तो खिडकीतून पडून मरतो. २००७च्या तिसऱ्या भागात कळतं की गोळी त्याने झाडलीच नव्हती, ती झाडली फ्लिंट मार्कोने. म्हणजे पीटरच्या नायकपणाची सुरुवात चुकीच्या माणसाच्या मरणाने झाली. इतकी मोठी गोष्ट, पण सिनेमा त्यावर थांबत नाही.

तरीही हाच तिसरा भाग मला क्षमेच्या बाबतीत बाकी बऱ्याच सिनेमांहून पुढचा वाटतो. लोक त्याला पीटरच्या त्या रस्त्यावरच्या नाचासाठी हसतात, हसू द्या. शेवटची लढाई झाल्यावर वाळूचा माणूस झालेला मार्को पीटरसमोर येऊन उभा राहतो. त्या रात्री काय झालं ते सांगतो. मुलगी आजारी होती, पैसे हवे होते, गाडीतल्या म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं की बंदूक ठेव आणि घरी जा, आणि तेवढ्यात साथीदाराने धावत येऊन दंड धरला आणि गोळी सुटली. त्यानंतरचं वाक्य महत्त्वाचं: मी क्षमा मागत नाही, तू समजून घ्यावंस एवढंच. पीटर लगेच विरघळत नाही. आपणही भयंकर गोष्टी केल्यात, हे आधी कबूल करतो आणि मग माफ केलं म्हणतो. मार्को वाऱ्यावर वाळू होऊन निघून जातो. मरत नाही.

या दृश्यातही खोट आहेच. गुन्हेगार माफ करण्याजोगा करून समोर आणलाय: चुकून सुटलेली गोळी, आजारी लेक. थंड डोक्याने मारणारा असता तर? दुसरी खोट अशी की पीटरने माफ केलं ते स्वतःपुरतं. कायद्याला हवा असलेला कैदी सोडून द्यायचा अधिकार त्यात येत नाही. मनातून माफ करणं आणि शिक्षेतून सोडणं या दोन निराळ्या गोष्टी, त्या इथे गुपचूप एक झाल्या. आणि तिसरी खोट मला सगळ्यात मोठी वाटते. नवरा गेला मे काकूचा. सूड हे विष आहे असं पीटरला बजावणारीही तीच. पण माफीच्या त्या प्रसंगी ती कुठेच नाही.

माफ कोण करू शकतं, याबाबत भागवतातली गोष्ट या सगळ्यांच्या पुढे आहे. झोपेतल्या पाच मुलांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला अर्जुन बांधून द्रौपदीपुढे आणतो. भीमाला तो मेलेला हवा असतो. द्रौपदी म्हणते, सोडा त्याला, माझ्यासारखं रडायची पाळी त्याच्या आईवर नको. निर्णय जिची मुलं गेली तिचा, कारणही तिचं. तरी शिक्षा टळत नाही: त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतात आणि त्याला हाकलून देतात. क्षमा आहे, शिक्षाही आहे, गुन्हेगार जिवंतही आहे.

आधुनिक सुपरहिरोपटांत याच्या जवळ जाणारा एक प्रसंग मला दिसतो, तो २०१६च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये. सैबेरियातल्या तळावर टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, १६ डिसेंबर १९९१ची चित्रफीत बघतो. निर्जन रस्ता, धडकलेली गाडी, आणि आपल्या आईवडिलांना मारणारा बकी. बकीच्या मेंदूवर तेव्हा दुसऱ्यांचा ताबा होता, तो तो नव्हताच, असं बकीचा मित्र स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, समजावतो. टोनी म्हणतो, मला पर्वा नाही, त्याने माझ्या आईला मारलं. टोनी काही मूर्ख नाही. स्टीव्हचा मुद्दा त्याला कळतो, आणि तरीही तो तुटून पडतो. आई गेलेल्या माणसापुढे युक्तिवाद किती तोकडा पडतो, हे इतक्या सरळपणे या प्रकारच्या सिनेमात क्वचितच आलंय.

त्याच वेळी बाहेर बर्फात झीमो बसलेला असतो. सोकोव्हिया या काल्पनिक देशात ॲव्हेंजर्सच्या, म्हणजे या नायकांच्या चमूच्या, लढाईत त्याचा बाप, बायको आणि मुलगा गेले. ढिगाऱ्यात त्यांचे देह शोधायला दोन दिवस लागले. या सगळ्या नायकांना एकमेकांच्या अंगावर सोडणारा तोच. त्याच्या मागे वकांडा या काल्पनिक देशाचा राजा टी’चाला येऊन उभा राहतो. त्याच्या बापाला झीमोनेच बॉम्बस्फोटात मारलंय, आणि आतापर्यंत टी’चाला मारायला निघाला होता तो बकीला, म्हणजे पुन्हा चुकीच्या माणसालाच. समोर सूडाने आतून पोखरला गेलेला माणूस बसलाय आणि आत आणखी दोघे-तिघे त्याच वाटेने चाललेत, हे बघून तो पंजाची नखं आत घेतो. झीमो स्वतःवर पिस्तूल झाडायला जातो तेव्हा टी’चाला तेही होऊ देत नाही. जिवंत माणसांचं तुझ्याकडचं काम अजून संपलेलं नाही, असं त्याला सांगतो.

इथे कड्यावरून पडणं नाही, सोयीचं बलिदान नाही. दोन्ही पळवाटा हाताने बंद केल्या आहेत. टी’चालाने माफ केलं का? नाही, तसा शब्दही त्याच्या तोंडी नाही. त्याने फक्त शिक्षा आपल्या हातून काढून दुसऱ्यांच्या हाती दिली. आणि झीमो जगतो. पुढे २०२१च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेत तो पुन्हा समोर येतो, तुरुंगातून सुटतो, उपद्रव देतो, आणि वकांडाच्या योद्ध्या बायका त्याला पुन्हा कैदेत नेऊन टाकतात. आपल्या आधीच्या राजाचा, म्हणजे टी’चालाच्या बापाचा, खुनी त्यांच्या तावडीत असतो. त्याही त्याला मारत नाहीत, आणि त्या नाखुशीचा भार त्या वाहतात. माझ्या कसोटीतला त्रास तो हा.

उलट २०२१चा ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ हेतूने चांगला आणि विचाराने गडबडलेला आहे. त्यात निरनिराळ्या विश्वांतले पीटर आणि जुने खलनायक एकत्र येतात. मे काकूच्या आग्रहाखातर या सिनेमातला पीटर खलनायकांना मारण्याऐवजी बरं करायचं ठरवतो. ‘खळांची व्यंकटी सांडो’ हे आपण लहानपणापासून म्हणत आलोय, पण ती इंजेक्शनने सांडेल असं काही वाटलं नव्हतं. काकूला मारणाऱ्या गॉब्लिनवर पीटर त्याचंच यान उगारतो, २००२च्या सिनेमातला, आता मोठा झालेला पीटर काही न बोलता ते हातांनी अडवतो. तेवढं दृश्य अप्रतिम आहे, कारण त्या यानाने काय होतं ते त्याने पाहिलेलं आहे. पण मग औषध टोचलं जातं आणि नॉर्मन भानावर येऊन विचारतो, मी काय केलं? आता समोर उरला तो निरपराध माणूस. गुन्हा करणारा औषधाने विरघळून गेला, मग माफ कुणाला करायचं? दुष्टपणा हा आजार ठरवला की क्षमेची गरजच संपते.

आणि २०१९चा ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’? त्याची सुरुवात मला सूडावरचं सर्वोत्तम भाष्य वाटते. विश्वातली निम्मी जीवसृष्टी नाहीशी करणाऱ्या थॅनॉसचं डोकं थॉर उडवतो, सूड पुरा होतो, काहीही बदलत नाही, गेलेलं कुणी परत येत नाही, आणि गोष्ट पाच वर्षं पुढे सरकते. त्याच सिनेमाच्या शेवटी थॅनॉसची सेना धुळीला मिळते तेव्हा मात्र प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं जातं. दुसऱ्या वेळी तो बचाव होता, सूड नव्हता, हे मान्य. पण आपण टाळ्या बचावाला वाजवल्या की सूडाला, हे ज्याने-त्याने आपल्याशी तपासावं.

क्षमा हे वीराचं भूषण असं म्हणतात, आणि बहुतेक सुपरहिरोपटांनी तिचा खरंच दागिना केलाय: शत्रू पायाखाली आला की घालायचा, पुढच्या दृश्यात डबीत ठेवायचा. याला एक अपवाद बकीचा. त्याच २०२१च्या मालिकेत तो योरी नावाच्या म्हाताऱ्याशी मैत्री करतो, त्याच्याबरोबर जेवायला जातो. योरीच्या मुलाला आपणच मारलंय हे त्याला माहीत असतं, योरीला नसतं. आपण केलेल्या पापांची यादी करून तो एकेक नाव खोडत असतो आणि त्याचा मित्र सॅम त्याला सुनावतो की तू भरपाई करत नाहीस, दुष्टांना धडा शिकवून स्वतःला बरं वाटून घेतोयस. शेवटी बकी योरीच्या दारात जाऊन खरं सांगतो. म्हातारा विचारतो, का? बकी म्हणतो, माझ्या हातात नव्हतं. योरीने त्याला माफ केलं असं मालिका आपल्याला सांगत नाही, आणि हे तिने फार बरोबर केलं. तक्रार एवढीच की सहा भागांच्या मालिकेत या प्रसंगाच्या वाट्याला जेमतेम काही क्षण आले, आणि त्याच भागातल्या मारामारीला त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळाला.